बॉडी मास इंडेक्स म्हणजेच बीएमआय

बीएमआय म्हणजे माणसाचं वजन त्याच्या उंचीच्या मानानं किती आहे ते सांगणारा आकडा. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घ्यायची, उंचीला उंचीनंच गुणायचं आणि जे येईल त्यानं वजनाला भागायचं. १ मीटर ७० सेंटीमीटर उंची आणि ७० किलो वजन असेल तर बीएमआय येतो २४.२. वजनकाटा आणि टेप एवढ्यावर काम भागतं, ना रक्त काढायला लागतं ना मशीन लागतं, म्हणून जगात मधुमेह, हार्ट अटॅक, कॅन्सर, टीबी कशावरही मोठा अभ्यास निघाला की त्यात हा आकडा असतोच. कोल्हापुरात एखाद्या पेठेतल्या तालीम मंडळानं आरोग्य शिबिर घेतलं तरी बीपी, शुगर आणि बीएमआय कागदावर लिहून हातात मिळतो. पण हा आकडा मुळात हजारो माणसांच्या गर्दीसाठी बनलाय, एकट्या माणसाचा निकाल लावायला नाही. आणि आपल्याकडच्या अंगकाठीला तर तो दोन्ही बाजूंनी चुकतो, बारीक माणसाला काही धोका नाही म्हणतो आणि तालमीतल्या पैलवानाला लठ्ठ म्हणतो. म्हणून तो वाचायचा कसा हे नीट समजून घेणं गरजेचं आहे.

कुठनं आला

बेल्जियमचे अडॉल्फ केटले (१७९६ ते १८७४) हे खगोलशास्त्र आणि आकडेशास्त्रातले माणूस, डॉक्टर नव्हेत. 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घेताना त्यांच्या लक्षात आलं की वयानं मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतं. १८३० च्या दशकात त्यांनी हे मांडलं, पण त्यात लठ्ठपणा मोजायचा काही विचार नव्हता. पुढं १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या ७ हजारांहून जास्त पुरुषांची मापं घेऊन वजन-उंचीची वेगवेगळी सूत्रं एकमेकांशी ताडून बघितली, कातडीखालच्या चरबीशी कुठलं जास्त जुळतं ते पाहिलं, आणि केटलेंचं सूत्र बऱ्यापैकी चालतंय म्हणून त्याला बॉडी मास इंडेक्स असं नाव दिलं. त्या अभ्यासात बाया नव्हत्या आणि भारतीयही नव्हते. कीज यांनी स्वतः हे मोठ्या गटांच्या अभ्यासासाठी सुचवलं होतं, पण सोपं असल्यामुळं ते दवाखान्यात आलं, मग विमा कंपन्यांत आलं, मग जिममध्ये आलं आणि आता मोबाईलमध्ये पण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ पासनं जादा वजन आणि ३० पासनं लठ्ठपणा. ह्या रेघा काय निसर्गानं आखून दिलेल्या नाहीत. अमेरिकेत १९९८ पर्यंत जादा वजनाची रेघ पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ अशी होती, ती २५ वर आणल्याबरोबर लाखो लोक एका रात्रीत 'जादा वजनाचे' झाले, वजन मात्र कुणाचं एक ग्रॅमसुद्धा वाढलं नव्हतं.

भारतीय अंगाचं वेगळं गणित

इथं आपल्या जवळचं संशोधन येतं, पुण्याचं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी एकच निघाला, २२.३. दोघंही तक्त्याप्रमाणं नॉर्मल. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. दोघांचे शेजारी शेजारी उभे राहिलेले फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांना कळलं की एकाच आकड्याच्या आत दोन अगदी वेगळी शरीरं असू शकतात. याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासनं गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोची, म्हणजे आपली बाळं बरीच लहान. पण लहान झाली ती हाडामांसात, कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी झालेली नव्हती. ह्याला 'थिन-फॅट' बाळ म्हणतात, दिसायला काटकुळं पण आतनं चरबीचं. हे बाळ मोठं झालं आणि शेतातनं उठून खुर्चीवर बसलं की जी चरबी साठते ती पोटात, लिव्हरभोवती साठते, आणि ती चरबी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. म्हणून आपल्याकडं दिसायला सडपातळ, हातपाय बारीक, पोट तेवढं जरा पुढं अशा माणसाला चाळिशीतच शुगर निघते आणि घरातले म्हणतात अहो हे तर जाडसुद्धा नाहीत.

याच्यामुळं रेघा बदलल्या. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ ला सावध व्हावं असं सांगितलं, मूळ वर्गवारी तशीच ठेवून. २००९ साली भारतीय डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं की आपल्याकडं १८ ते २२.९ नॉर्मल, २३ ते २४.९ जादा वजन आणि २५ पासनं लठ्ठपणा, सोबत कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. म्हणजे वरचा २४.२ वाला माणूस जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नॉर्मल आणि आपल्या तक्त्यात जादा वजनाचा. २०२१ साली इंग्लंडमधल्या सुमारे १४ लाख ७० हजार लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोऱ्या लोकांना बीएमआय ३० ला मधुमेहाचा जेवढा धोका दिसला तेवढाच दक्षिण आशियाई लोकांना २३.९ लाच दिसला. हा फरक छोटा नाही. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणं देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे, त्यामुळं एखाद्या अभ्यासात कुठली रेघ धरलीय हे बघितल्याशिवाय 'इतके टक्के लठ्ठ' या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

तालमीतलं उदाहरण

कोल्हापुरात बीएमआय समजावून सांगायला तालमीएवढी चांगली जागा नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान झालं, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींत आजही पहाटे जोर-बैठका चालतात. समजा जड गटातला एक पैलवान आहे, उंची १ मीटर ७२, वजन ९६ किलो. बीएमआय येतो ३२.४, कुठल्याही तक्त्यात लठ्ठ. पण त्याचं वजन मांड्या, पाठ, मान, खांद्याच्या स्नायूंचं आहे आणि स्नायू चरबीपेक्षा जड. तराजूला स्नायू आणि चरबी यातला फरक कळतच नाही, त्याला फक्त किलो कळतात. सगळेच पैलवान असे धिप्पाड असतात असंही नाही म्हणा, कोल्हापुरात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेतलं ते ५७ किलो गटात.

आता हाच पैलवान पुढं कुस्ती सोडतो. नोकरी लागते किंवा गुडघा जातो, जोर-बैठका थांबतात, पण दूध, बदाम, तूप, मटण ह्या खुराकाची सवय काही सुटत नाही. पन्नाशीत वजन करून बघितलं तर तेच ९६ किलो, बीएमआय तोच ३२.४. पण आतलं शरीर पार बदललेलं असतं, स्नायू उतरलेत आणि त्यांची जागा पोटावरच्या चरबीनं घेतलीय. पंचविशीत जो आकडा विनाकारण घाबरवत होता तोच आता खरा धोका सांगतोय. आकडा एक, अर्थ दोन, आणि नुसत्या कागदावरनं तो फरक कळायचा काही मार्ग नाही. टेप घेऊन कंबर मोजली तर मात्र लगेच कळतो. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात हार्ट अटॅकचा अंदाज बांधायला बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबाच्या घेराचं प्रमाण सरस ठरलं होतं, ते याच कारणानं. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म घरोघरी भरतात त्यातही कंबरेचंच माप विचारतात, आणि ते अगदी बरोबर आहे. घरी मोजायचं तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे का एवढं बघितलं तरी पुष्कळ.

खालची बाजू

लठ्ठपणावर एवढं बोललं जातं की कमी बीएमआय विसरलाच जातो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात २४ टक्के बाया जादा वजनाच्या होत्या आणि त्याच वेळी १८.७ टक्के बायांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता. एकाच जिल्ह्यात दोन्ही दिसतं, राजारामपुरीत जिमच्या जाहिराती आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या फडात मराठवाड्यातनं आलेली ऊसतोड जोडपी, दिवसभर कोयता आणि मोळी, खाणं भाकरी-चटणीवर. ह्या बाजूला सगळ्यात मोठा धोका टीबीचा. मोठ्या अभ्यासांचा गोषवारा असा की बीएमआय एका अंकानं वाढला की टीबी व्हायचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांनी कमी होतं. झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाचा प्रयोग झाला, टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य-डाळ आणि सोबत जीवनसत्त्वं दिली, आणि २०२३ ला निकाल आला की त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, फुप्फुसाच्या संसर्गजन्य टीबीत तर ४८ टक्क्यांनी. औषध नाही, लस नाही, नुसतं पोषण. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीनं हा शोध कुठल्याही वजन घटवायच्या औषधापेक्षा मोठा आहे, असं मला मनापासनं वाटतं.

संशोधनात कुठं फसगत होते

बीएमआय आडव्या रेघेवर आणि मृत्यूदर उभ्या रेघेवर काढला की आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा येतो, अगदी बारीक आणि खूप जाड दोन्ही टोकांना मृत्यू जास्त. २००९ च्या ९ लाख लोकांच्या अभ्यासात २२.५ ते २५ मध्ये मृत्यू सगळ्यात कमी होते आणि २५ च्या वर दर ५ अंकांमागं साधारण ३० टक्क्यांनी वाढत होते. मग २०१३ साली दुसरा मोठा आढावा आला, त्यात २५ ते ३० वाले नॉर्मल लोकांपेक्षा ६ टक्के कमी मरतात असं दिसलं आणि 'थोडं जाड असलेलं चांगलं' अशा बातम्या झाल्या. भानगड इथंच आहे. माणूस आजारी पडला की आधी वाळतो, म्हणजे बारीकपणामुळं आजार झाला असं नसून आजारामुळं बारीकपणा आलेला असतो. आणि तंबाखू. तंबाखूची निपाणी आपल्या शेजारीच, बिडी ओढणारी माणसं कशी दिसतात हे आपल्याला सांगायला नको, अंगानं बारीक आणि छातीनं खराब. अशी माणसं नॉर्मल गटात जाऊन बसली की तो गट उगीचच आजारी दिसतो आणि त्याच्या शेजारचा जाड गट निरोगी दिसायला लागतो. २०१६ साली २३९ अभ्यासांतल्या १ कोटीवर लोकांची माहिती एकत्र करून त्यातनं सिगारेट-बिडी ओढणारे, आधीच आजारी असलेले आणि पहिल्या पाच वर्षांत वारलेले असे सगळे बाजूला काढले, तेव्हा मृत्यू सगळ्यात कमी २० ते २५ मध्येच निघाले आणि २५ च्या वरचा तथाकथित फायदा गेला.

दुसरी फसगत जरा बारीक आहे. कोल्हापुरात गुजरी किंवा महाद्वार रोडला दिवसभर गादीवर बसून दुकान चालवणाऱ्यांना मधुमेह जास्त होतो का असा अभ्यास करायचा समजा, आणि आकडेमोडीत 'बीएमआय सारखा धरून' तुलना केली. पण बसून राहिल्यानं वजन वाढतं आणि वजनानं मधुमेह होतो, म्हणजे वजन हा मधला रस्ताच आहे. तोच बंद केल्यावर बसण्याचा परिणाम कमी दिसणार, मग कुणीतरी लिहिणार की बसण्यानं काही होत नाही. म्हणून बीएमआय हिशोबात धरलाय का यापेक्षा कशासाठी धरलाय हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

वजन हे खरंच कारण आहे की नुसतं सोबती, हे तपासायला आता जनुकांचा आधार घेतात. २००७ ला एफटीओ नावाच्या जनुकाचा संबंध सापडला, त्याचा एक प्रकार आई आणि बाप दोघांकडनं आलेली माणसं सरासरी सुमारे ३ किलोनं जड असतात. जनुक काय बिडीनं किंवा आजारानं बदलत नाही, त्यामुळं अशा जनुकांवरनं केलेली तुलना बरीच स्वच्छ असते, आणि तिच्यातनंही मधुमेह आणि हृदयविकाराला जादा वजन कारणीभूत आहे असंच निघतं. कॅन्सरबाबत २०१६ ला आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं १३ प्रकारांशी जादा चरबीचा संबंध पक्का मानला, त्यात आतड्याचा, गर्भाशयाचा आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर येतो.

जानेवारी २०२५ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. लॅन्सेटच्या आयोगानं सांगितलं की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबर किंवा चरबीचं माप सोबत घ्या आणि शरीराला प्रत्यक्ष त्रास सुरू झालाय का ते बघा. आणि भारतीय डॉक्टरांच्या गटानं २३ च्या वरच्यांचे दोन टप्पे केले, पहिल्यात वजन जादा पण अवयवांवर परिणाम नाही, दुसऱ्यात पोटाची चरबी वाढलेली आणि सोबत गुडघेदुखी, दम लागणं किंवा शुगरसारखे आजार.

मोजताना

उंची चुकली की बीएमआय जास्त चुकतो, कारण ती दोनदा गुणली जाते. ६२ किलोच्या बाईची उंची १६० ऐवजी १५८ धरली तर २४.२ चा २४.८ होतो. म्हणून चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून मोजायची, अंबाड्यावरनं पट्टी धरायची नाही. फोनवर विचारून भरलेल्या माहितीत लोक उंची वाढवून आणि वजन कमी करून सांगतात, हे जगभर दिसलंय. गरोदर बाईला नेहमीचा तक्ता लावायचा नसतो, दिवस राहायच्या आधीचं किंवा अगदी सुरुवातीचं वजन धरतात. म्हाताऱ्या माणसांची पाठ वाकते, उंची कमी भरते आणि बीएमआय फुगतो, अशा वेळी दोन्ही हात पसरून एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंतचं माप घेऊन उंचीचा अंदाज काढतात. मुलांना तर १८.५-२५ वाला तक्ता लावायचाच नाही, त्यांचा बीएमआय वयाबरोबर बदलत जातो, त्यामुळं ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली वेगळे तक्ते दिलेत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, आणि त्यातल्या वरच्या दोन रेघा, जादा वजनाची आणि लठ्ठपणाची, मोठेपणीच्या २३ आणि २७ बीएमआयला जाऊन मिळतात. शाळेच्या तपासणीत मास्तरांनी किंवा आरोग्यसेविकेनं हाच तक्ता समोर ठेवायचा असतो.