टाचेतला थेंब आणि तज्ज्ञांची संघटना

पाठ्यवृत्तीसाठी अर्ज मागवले आहेत, निवासी शाळेच्या जागा मर्यादित आहेत, थायरॉईडबाबत नव्या मार्गदर्शक सूचना निघाल्या आहेत. मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनांकडून अशा बातम्या वर्षभर येत असतात. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर त्यातली शेवटची तारीख तेवढी बघतो. त्यात त्याची चूक नाही. मात्र या संघटना मुळात उभ्या राहिल्या त्या टंचाईतून. तज्ज्ञ मोजके, रुग्ण विखुरलेले, आणि काही काळ तर औषधही मोजून मापून मिळणारे.

सुरुवात इन्सुलिनपासून करता येते. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत ते पहिल्यांदा टोचले गेले ते १४ वर्षांच्या मुलाला. १९३५ मध्ये लॉसन विल्किन्स यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांसाठी हार्मोनविकारांचा वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. अमेरिकेतली संघटना पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाई. ते नाव २०१० मध्ये बदलले. युरोपातले मोजके डॉक्टर ही अमेरिकी संघटना निघण्याआधीच, १९६२ मध्ये झुरिकला एकत्र आले होते. त्यांच्यात पुढाकार होता आंद्रेया प्राडर यांचा. मुलगा वयात येतोय की नाही हे पाहायला डॉक्टर आजही लहानमोठ्या १२ मण्यांची माळ हातात घेऊन वृषणांच्या आकाराशी तुलना करतात, ती याच प्राडरांची. आशिया-पॅसिफिकची संघटना यायला १९९९ उजाडले.

या इतिहासात सर्वांत बोलके प्रकरण वाढीच्या हार्मोनचे आहे. १९५८ मध्ये मॉरिस रेबन यांनी उंची खुंटलेल्या मुलावर त्याचा यशस्वी उपयोग झाल्याचे कळवले. पण तो हार्मोन मिळायचा मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून. एका मुलाच्या उपचाराला कितीतरी ग्रंथी लागत. अमेरिकेत त्यासाठी राष्ट्रीय यंत्रणाच उभारावी लागली: ग्रंथी गोळा करायच्या आणि कोणत्या मुलाला डोस द्यायचा ते ठरवायचे. तज्ज्ञांना एकमेकांशी बोलत राहणे भागच होते. मग १९८५ मध्ये कळले की लहानपणी हा हार्मोन घेतलेली काही तरुण माणसे मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने दगावत आहेत. वापर तडकाफडकी थांबला. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या हार्मोनला परवानगी मिळाली आणि टंचाई संपली. उपचार घेतलेल्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणाऱ्या नोंदवह्यांचे महत्त्व त्या धक्क्याने पटले. टंचाईच्या जागी आता किंमत आली, आणि परिषदांच्या मंडपात औषध कंपन्यांचे स्टॉलही आले. पाठ्यवृत्तीच्या जाहिरातीत प्रायोजक कोण हे म्हणूनच आधी वाचावे.

भारतात या शाखेची पायाभरणी करणाऱ्यांत मुंबईच्या वाडिया रुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई यांचे नाव आदराने घेतले जाते. इंडियन सोसायटी फॉर पीडियाट्रिक अँड अ‍ॅडोलेसंट एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे ‘इस्पे’, ही त्यानंतरची. तिच्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या परिषदेला जोडून तरुण डॉक्टरांची ‘पेट’ ही निवासी शाळा भरते. लखनौच्या संजय गांधी संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणीच या विषयाचे उच्च शिक्षण मिळते. गोव्यातून तिथवर पोचणे सोपे नाही, आणि त्यामुळे या शाळेतल्या काही दिवसांना किंमत आहे.

आता गोवा. इथली वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपर्यंत जाते, पण हार्मोनची गोष्ट रुग्णालयाबाहेर, मिठागरांत सुरू होते. आगरवाडा, नेरूल, रायबंदरच्या आगरांतले खडे मीठ समुद्राचेच असले तरी त्यात आयोडीन नगण्य असते. समुद्राचे म्हणजे आयोडीनयुक्त, हा समज इथे सर्रास ऐकू येतो. थायरॉईडचा हार्मोन आयोडीनपासून बनतो; गरोदरपणी ते फारच कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ मार खाते. गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ चा. थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यावरची देशव्यापी बंदी एकदा उठून मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. चेपणीच्या तोरांना, म्हणजे मिठात मुरवायच्या कोवळ्या कैऱ्यांना, खडे मीठच लागते हे कबूल. रोजच्या आमटीत मात्र पाकिटातले आयोडीनयुक्त घालावे.

मिठाने सगळे सुटत नाही. काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नीट घडलेली नसते, आणि बाळ दिसायला अगदी धडधाकट असते. कॅनडात जाँ द्युसो यांनी १९७० च्या दशकात टिपकागदावरच्या रक्ताच्या थेंबातून हा दोष हुडकण्याची पद्धत रूढ केली. गोव्याने २००८ मध्ये राज्यातल्या नवजात बालकांसाठी अशी तपासणी हाती घेतली, तेव्हा असा राज्यव्यापी प्रयत्न देशात पहिलाच होता. प्रसूती जवळपास सगळ्या रुग्णालयातच होत असल्याने इथे ते जमण्यासारखे होते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच शहरांत एक लाखाहून अधिक बाळे तपासली, तेव्हा साधारण ११३० मागे एक बाळ सापडले. गोव्यात वर्षाला वीस हजार जन्म धरले, तर सतराअठरा मुले होतात.

२०१८ च्या इस्पेच्या सूचना इथेच उपयोगी पडतात. जन्मताच थायरॉईडला चालना देणारा टीएसएच हा हार्मोन उसळी घेतो, म्हणून टाचेचे रक्त ४८ ते ७२ तासांदरम्यान घ्यावे, नाहीतर उसळीआधीचे, नाळेतले. टाचेच्या कडेला टोचायचे, मधोमध नाही. वर्तुळ एकाच थेंबाने भरायचे, कागद आडवा ठेवून सावलीत सुकवायचा. आझिलो आणि हॉस्पिसियो या जुन्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या म्हापसा-मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत हे काम परिचारिकेचे, आणि आई लवकर घरी सोडली की नेमके इथेच गणित चुकते. दोष पक्का झाला की दोन आठवड्यांच्या आत थायरॉईड हार्मोनची गोळी सुरू: कुस्करायची, आईच्या दुधात चमच्याने द्यायची. ग्रंथी जागेवर असेल तर तीन वर्षांनी गोळी थांबवून दोष कायमचा की तात्पुरता ते तपासतात. तोवर पेडण्याच्या किंवा काणकोणच्या मुलाला बांबोळीला, गोमेकॉत, खेपा घालाव्या लागतात, म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाही डोस बदलता यायला हवा.