हॅरी ट्रूमन आणि रेल्वे कामगार

हॅरी ट्रूमन (१८८४–१९७२) हे अमेरिकेचे ३३वे राष्ट्राध्यक्ष, पण रेल्वेशी त्यांचा संबंध आला तो हजेरी लिहिणारा कारकून म्हणून. वडील धान्याच्या सट्ट्यात बुडाले, कॉलेज राहून गेलं, आणि १९०२ मध्ये सांता फे रेल्वेचं बांधकाम करणाऱ्या ठेकेदाराकडे महिना ३५ डॉलर आणि वर जेवण, अशी नोकरी धरली. मिसूरी नदीकाठी मजुरांचे तळ होते, एका तळावरून दुसऱ्यावर रुळावरची हाताने चालवायची ट्रॉली दामटत जायचं, माणसं किती खेचरं किती ते मांडायचं, आणि पगार वाटायचा शनिवारी रात्री दारूच्या गुत्त्यात. हे सगळं जवळून बघितलेला माणूस, म्हणूनच १९४६ चं प्रकरण जास्त लागतं.

मे १९४६ मध्ये इंजिन ड्रायव्हर आणि ट्रेनमन (गाडीवरचे ब्रेकमनसारखे कर्मचारी) या दोन युनियननी पगारासाठी संप केला आणि देशभरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. २५ मे ला ट्रूमन संसदेसमोर उभे राहिले आणि संपकऱ्यांना सरळ सैन्यात भरती करायची परवानगी मागायला लागले. भाषण चालू असतानाच सिनेटच्या सचिवाने हातात चिठ्ठी दिली, संप मिटला! तरी प्रतिनिधीगृहाने ते बिल ३०६ विरुद्ध १३ ने पास केलंच, सिनेटने मात्र अडवलं, आणि ते बरंच झालं, कारण युद्ध संपल्यावर कामगाराला वर्दी चढवून जुंपायचं हे चूकच होतं. ट्रेनमन युनियनचे प्रमुख व्हिटनी इतके भडकले की युनियनची सगळी तिजोरी ओतून ट्रूमनना पाडू म्हणाले.

पुढच्याच वर्षी टाफ्ट-हार्टली हा युनियनविरोधी कायदा आला, त्यावर ट्रूमननी व्हेटो वापरला. संसदेने तो ओलांडून कायदा केला खरा, पण व्हिटनींचं मन वळलं आणि १९४८ ला ते ट्रूमनच्या बाजूने उतरले.

ती निवडणूक तर ट्रूमननी आगगाडीतूनच लढवली. फर्डिनंड मॅगेलन नावाचा चिलखती डबा, मागच्या गॅलरीत उभं राहून छोट्या छोट्या स्टेशनांवर भाषणं. विरोधी उमेदवार ड्यूईही ट्रेननेच फिरत होते, इलिनॉयमध्ये त्यांची गाडी अचानक मागे गर्दीकडे सरकली तेव्हा माईकवरच ते ड्रायव्हरला वेडा म्हणाले, पहाटे गोळी घालायला हवी असंही बोलले. कुणाला लागलं नव्हतं, पण बोलणं कामगारांना झोंबलं ते झोंबलंच.

ट्रूमन जिंकले. तरी ऑगस्ट १९५० मध्ये, कोरियन युद्धाच्या वेळी, परत संप येतोय म्हटल्यावर त्यांनी रेल्वे लष्कराच्या ताब्यात दिली, ती मे १९५२ पर्यंत.