तलावातला ट्राउट पकडणं

ट्राउट हा सॅल्मनच्या कुळातला, थंड आणि स्वच्छ पाण्यात राहणारा मासा. तलावात गळाला लागतात ते मुख्यतः रेनबो आणि ब्राउन ट्राउट. ब्रूक ट्राउट आणि लेक ट्राउट नावाने ट्राउट असले तरी शास्त्राच्या हिशेबात साल्व्हेलिनस या वेगळ्या वंशात (genus) मोडतात, पण गळ टाकणाऱ्याला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

नदीतला ट्राउट दगडाच्या आडोशाला थांबून वाहत येणारं खाणं टिपतो. तलावात पाणी वाहतच नाही, मग खाणं शोधत त्यालाच फिरावं लागतं, म्हणून तलावात पहिला प्रश्न आमिष कुठलं हा नाही तर मासा किती खोलीवर आहे हा. आणि ते ठरवतं पाण्याचं तापमान. रेनबोला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअस मानवतं, 20 च्या वर गेलं की त्याची दमछाक होते कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. वसंतात आणि शरदात तलावाचं पाणी वरखाली ढवळलं जातं, तेव्हा मासे काठाजवळही येतात आणि होडी नसलेल्यांची चंगळ होते. उन्हाळ्यात मात्र पाण्याचे थर पडतात, वर कोमट, खाली गार आणि मध्ये एक पट्टा जिथे तापमान झपकन उतरतं. तळाच्या पाण्यात कधीकधी ऑक्सिजनच उरत नाही, त्यामुळे मासा बऱ्याचदा या मधल्या पट्ट्याच्या आसपासच सापडतो. दर मीटरला गाठ मारलेली दोरी आणि तिच्या टोकाला थर्मामीटर, हे माझ्या मते महागड्या रॉडपेक्षा जास्त कामाचं. प्रत्येक गाठीला दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि झटकन वर ओढायचं, नाहीतर वरच्या पाण्याचंच तापमान वाचलं जातं.

खोली कळली की बाकी सोपं (म्हणजे त्यातल्या त्यात). काठावरून स्पून किंवा स्पिनर (पाण्यात चकाकणारी धातूची नकली आमिषं) फेकला की तो बुडताना मनात आकडे मोजायचे. बारा म्हटल्यावर ओढायला घेतला आणि मासा लागला तर पुढच्या वेळीही बारालाच ओढायचा. गांडूळ लावणारे शिसं लाइनवर सरकतं ठेवतात, म्हणजे आमिष तोंडात घेतल्यावर माशाला वजन जाणवत नाही आणि तो ते थुंकत नाही. होडीतून ट्रोलिंग करताना, म्हणजे आमिष होडीमागे सावकाश ओढत नेताना, नागमोडी जायचं. वळणावर बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेतं, आतल्या बाजूचं मंदावून खाली जातं आणि मासा कुठल्यावर झडप घालतो त्यावरून त्या दिवशीचा वेग आणि खोली दोन्ही कळतात.

फ्लाय म्हणजे किड्यासारखं दिसणारं हलकं नकली आमिष, ते वापरणाऱ्यांचं जग वेगळंच. तलावातल्या ट्राउटच्या खाण्यात चिखलात वाढणाऱ्या कायरोनोमिड माशीचा वाटा मोठा असतो, तिचे कोष (अळी आणि माशी यांच्या मधली अवस्था) तळातून हळूहळू वर येतात आणि ट्राउट आरामात टिपत राहतो. त्याची नक्कल केलेली फ्लाय फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली) तळापासून फूटभर वर टांगायची आणि गप्प बसायचं. नवशिके इथेच हरतात, त्यांचा हात स्वस्थ बसत नाही, दर मिनिटाला हिसका, आणि खरा कोष तर असा कधीच उडत नाही.

जागा म्हणाल तर ओढा तलावाला मिळतो तिथे, पाणवनस्पतींच्या कडेला आणि जिथे तळ एकदम खोल उतरतो तिथे. वारा ज्या काठावर आदळतो तिथे तरंगतं खाणं गोळा होतं, फेकायला त्रास होतो पण मासे बऱ्याचदा तिथेच. मोठे ब्राउन ट्राउट अंधार पडल्यावर उथळात येतात.

परवाना, हंगाम आणि किती मासे ठेवायचे याचे नियम प्रत्येक तलावाचे वेगळे, ते आधी बघावे. सोडून द्यायचा असेल तर टोकाजवळ उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करूनच मासा धरावा कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो, आणि शक्यतो पाण्यातच गळ काढावा. ठेवायचाच असेल तर साफ करताना पोटात काय आहे ते बघावं. गोगलगायी निघाल्या तर तो तळाशी किंवा पाणवनस्पतींत चरत होता, कोष निघाले तर फ्लाय बदलायची गरज नाही.