वृत्तपत्रीय चित्रपट परीक्षण

नव्या चित्रपटाची ओळख करून देणारा आणि त्याचे गुणदोष सांगणारा वर्तमानपत्रातला छोटा लेख म्हणजे चित्रपट परीक्षण. तो चित्रपट न पाहिलेल्या वाचकासाठी लिहिलेला असतो. म्हणून कथेचा धागा सांगायचा, पण उत्तरार्धातला उलगडा राखून ठेवायचा, हा त्याचा पहिला नियम. चित्रपट शुक्रवारी लागतो आणि परीक्षण शनिवार-रविवारच्या अंकात किंवा पुरवणीत येते. शीर्षकाशेजारी पाचपैकी तारे दिलेले असतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वाचल्या जाणाऱ्या मोठ्या दैनिकांत ही परीक्षणे बहुधा मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतून येतात, कारण पत्रकारांसाठीचे खास खेळ मुंबईत होतात. जिल्हा आवृत्तीत तोच मजकूर छापला जातो. स्थानिक वार्ताहराला चित्रपटावर लिहायची संधी मिळते ती बहुधा चित्रीकरणाची बातमी देताना किंवा एखादा कलाकार गावी आला तर.

ताऱ्यांची पद्धत अमेरिकेतून आली. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकात आयरीन थायरर यांनी १९२८ मध्ये चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली. तेव्हा जास्तीत जास्त तीन तारे असत. फ्रान्समधील ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकाने १९५५ पासून दहा समीक्षकांची मते एकाच तक्त्यात छापली. त्यात चार तारे म्हणजे श्रेष्ठ कलाकृती आणि काळा ठिपका म्हणजे पाहायला जाण्याची गरज नाही. या तक्त्याचा मोठा फायदा असा की एकाच चित्रपटावर जाणकारांचे किती टोकाचे मतभेद होतात, हे वाचकाला एका नजरेत दिसे. भारतीय वर्तमानपत्रांत पाच तारे आणि अर्ध्या ताऱ्याची सोय रूढ झाली, पण मत एकाच समीक्षकाचे राहिले. परिणामी एका माणसाची आवड वाचकाला सर्वमान्य निकालासारखी वाटू लागते.

तारे वाचताना चित्रपटाचा प्रकार लक्षात घेणे अत्यावश्यक आहे. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांना १९७५ मध्ये समीक्षेसाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला. तारे सापेक्ष असतात, अशी त्यांची भूमिका होती: हाणामारीच्या चित्रपटाची तुलना त्याच जातीच्या चित्रपटांशी करायची, गंभीर कौटुंबिक नाट्याशी नव्हे. ही भूमिका योग्यच आहे. मात्र ती परीक्षणात उघडपणे सांगितली नाही, तर वाचकाची दिशाभूल होते. धमाल विनोदी चित्रपटाला साडेतीन आणि संथ सामाजिक चित्रपटालाही साडेतीन तारे पाहून वाचक दोन्ही सारखेच चांगले समजतो. चांगला परीक्षक म्हणूनच पहिल्या दोन परिच्छेदांत चित्रपटाला काय साधायचे होते ते सांगतो, आणि मग ते कितपत साधले याकडे वळतो.

विनोदी चित्रपटात पाहायचे ते संवादांची वेळ, गैरसमजाची रचना आणि मध्यंतरानंतर टिकणारा वेग. रहस्यपटात दुव्यांचा प्रामाणिकपणा महत्त्वाचा: शेवटी जे कळते त्याचे धागे आधी दिसले होते का? भयपटात ध्वनी आणि अंधाराचा वापर पाहतात. बालपटाबद्दल लिहिताना मूल कंटाळेल का एवढेच विचारून थांबणारी परीक्षणे पुष्कळ असतात, आणि तो त्या प्रकारावर अन्याय आहे.

ऐतिहासिक चित्रपटाचे परीक्षण सर्वांत अवघड. शिवकालावरच्या मराठी चित्रपटांत श्रद्धेचा विषय आणि पडद्यावरची कारागिरी एकमेकांत मिसळलेली असतात, आणि पटकथेवर घेतलेला आक्षेप थेट विषयावरचा आक्षेप मानला जाण्याची भीती असते. मग परीक्षक वेशभूषा आणि पार्श्वसंगीताची स्तुती करून मोकळा होतो. साताऱ्याच्या वाचकाला एवढे पुरत नाही. अफझलखानाच्या वधाची घटना १० नोव्हेंबर १६५९ ची, प्रतापगडाच्या पायथ्याची. तो गड सातारा जिल्ह्यातच आहे आणि जावळीचे रान, घाटांच्या वाटा लोकांनी पायांखाली घातलेल्या आहेत. डोंगराची ठेवण लढाईचा डाव कसा ठरवते हे चित्रपटाने दाखवले की नाही, ही कसोटी साताऱ्यातला परीक्षक सहज लावू शकेल. मुंबईत बसून ती सुचणे कठीण.

ग्रामीण चित्रपटाबाबत तर ही उणीव फारच जाणवते. ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळेचे, अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. मराठी चित्रपटाच्या कथेला, पटकथेला आणि गाण्यांना या सांगली जिल्ह्याने मोठा ऐवज दिला आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची कथा माडगूळकरांची. तिला आधार होता औंध संस्थानातील मुक्त तुरुंगाच्या, म्हणजे कैद्यांना कोठडीबाहेर मोकळे ठेवण्याच्या प्रयोगाचा, म्हणजे आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. माणदेशातल्या वाचकासाठी ही कथा कल्पनारम्य आदर्शवाद नव्हती, शेजारच्या माळावर घडलेली गोष्ट होती. असा संदर्भ परीक्षणात आला की मूल्यमापनाचा पायाच बदलतो. बोलीचेही तेच. पात्र माणदेशी असेल आणि बोलत असेल कोल्हापुरी, तर ते ‘गावरान’ या एका शब्दाखाली खपून जाऊ नये. उलट बाजूही आहे. ‘स्वदेस’ (२००४) मध्ये वाईजवळचा मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातले चरणपूर म्हणून दिसतो. स्थानिक वाचकाला तो ओळखू येणारच, पण तेवढ्यावरून चित्रपटाला उणे ठरवणे बरोबर नाही. तिथे पाहायचे ते हे की कथेतले गाव पडद्यावर एकसंध उभे राहते का.

सांगलीत परीक्षणाची एक वेगळी आणि जुनी सवय आहे, ती नाटकाची. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि नाट्यपंढरी ही ओळख गावाने जपली. राज्य नाट्य स्पर्धेचे सांगली हे एक केंद्र. स्पर्धा सुरू असली की आदल्या रात्रीच्या प्रयोगावर स्थानिक वर्तमानपत्रांत लिहून येते. लिहिणारा नेपथ्य, प्रकाशयोजना, वाचिक अभिनय, पाठांतर अशा एकेका अंगाचा हिशेब देतो, आणि कलाकार ते कात्रण काढून ठेवतात. या परंपरेत घडलेला माणूस चित्रपटावर लिहितो तेव्हा संवाद आणि अभिनय नेमके पकडतो. छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांना मात्र एखाद्या वाक्यात उरकतो. मराठी वृत्तपत्रीय परीक्षणाचा हा दोष सांगलीपुरता नाही, पण इथे त्याचे मूळ स्पष्ट दिसते.

परीक्षणात चित्रपटातले संवाद थोडे उद्धृत करता येतात. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी तशी मुभा आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत १९८४ च्या वर्षापासून समीक्षकासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवण्यात आला.

पहिल्या आठवड्यातले मत आणि पुढचे मत यांत अंतर पडण्याची उदाहरणे ठळक आहेत. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेल्या ‘शोले’चे सुरुवातीचे परीक्षण बऱ्याच ठिकाणी थंड होते. ‘तुंबाड’ (२०१८) सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. दैनिके अशा वेळी पुनःप्रदर्शनाची बातमी छापतात, जुने तारे मात्र तसेच राहतात. पुन्हा लागलेल्या चित्रपटाचे नवे परीक्षण लिहिण्याची प्रथा मराठी वर्तमानपत्रांत अजून पक्की झालेली नाही. ती व्हायला हवी.