राखीव किंमत, हातोडा आणि न झालेले सौदे: अमेरिकन मसल कारच्या लिलावांची पार्श्वभूमी

मे 2021 मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात 1971 ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल मंचावर आली. ही छत उघडता येणारी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी; हेमी हे तिच्या इंजिनाचं नाव. बोली 48 लाख डॉलरपर्यंत चढली, तिथेच थांबली आणि गाडी न विकता विकणाऱ्याकडे परत गेली. त्याआधी जून 2014 मध्ये सिएटलला त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या कन्व्हर्टिबलवर 35 लाखांना हातोडा पडला होता. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले की सात वर्षांत भाव तेरा लाखांनी वाढला असं वाटतं. पण 35 लाख कुणीतरी खरोखर मोजले होते. 48 लाख कुणीच मोजले नाहीत. या बाजारातल्या भावांबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. 1970 साली कुडात हेमी इंजिन हवं असेल तर सुमारे 870 डॉलर जादा मोजावे लागत. शिवाय विम्याचा हप्ता जबर होता, त्यामुळे ते घेणारे थोडेच निघाले. 1971 च्या हेमी कन्व्हर्टिबल तर जेमतेम डझनभर बनल्या. त्यानंतर प्रदूषणाचे नियम आले, 1973 चं तेलसंकट आलं आणि या गाड्या साध्या सेकंडहँड बाजारात जाऊन पडल्या. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनच्या 1968 च्या ‘बुलिट’ चित्रपटातली हिरवी फोर्ड मस्टँग 1974 मध्ये एका कुटुंबाने 6,000 डॉलरला घेतली आणि रोजच्या वापरात ठेवली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकदा भाव वर गेले आणि नव्वदच्या सुरुवातीला संग्राहकांच्या सगळ्याच गाड्यांबरोबर ते खालीही आले.

आजचा बाजार घडला तो 2004 ते 2007 या काळात, अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला. दर जानेवारीला तिथे भरणारा लिलाव केबल टीव्हीवर तासन् तास थेट दिसू लागला होता. 1970 साली अठरा वर्षांचा असलेला मुलगा 2006 मध्ये चोपन्न वर्षांचा झालेला होता. त्याचं घर फिटलेलं, धंदा स्थिरावलेला आणि तरुणपणी न परवडलेली गाडी समोरच्या मंचावर उभी. त्या जानेवारीत 1970 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल खरेदीदाराच्या अधिभारासह, म्हणजे बोलीवर त्याने आयोजकाला द्यायच्या जादा रकमेसह, 21.6 लाख डॉलरला गेली आणि मसल कार ही मोठ्या पैशाची वस्तू आहे हे सगळ्यांनी मान्य केलं.

याच काळात स्कॉट्सडेलच्या आयोजकांनी घेतलेल्या एका निर्णयावर आजही वाद होतो. त्यांनी जवळजवळ सगळ्या गाड्या ‘नो रिझर्व्ह’ म्हणजे राखीव किमतीशिवाय विकायला काढल्या. राखीव किंमत ही विकणाऱ्याने आयोजकाला गुपचूप सांगितलेली किमान रक्कम असते. बोली तिच्या खाली राहिली तर गाडी विकली जात नाही. ती काढून टाकली की शेवटची बोली, मग ती कितीही कमी असो, विकणाऱ्याला बांधून घेते. विकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. बोली लावणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं की हात वर केला तर गाडी कुणाच्या तरी घरी जाणारच आहे. पडक्या भावात मिळेल या आशेने लोक लवकर बोलीत उतरतात आणि एकदा उतरलेला माणूस सहजासहजी बाहेर पडत नाही. बाजूला बोली टिपणारा मदतनीस वाकून ‘आणखी एकच’ म्हणत असतो, समोर कॅमेरा असतो आणि प्रतिस्पर्धी दहा हातांवर बसलेला दिसतो. दोन हट्टी माणसं एकाच गाडीसाठी समोरासमोर आली की आदल्या आठवड्याचा बाजारभाव कुणाला आठवत नाही. शनिवारी संध्याकाळी, भरल्या मंडपात मंचावर आलेल्या गाडीचं नशीब आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी आलेल्या गाडीपेक्षा वेगळं असतं. म्हणूनच कोणत्या वारी, कितव्या क्रमांकावर गाडी येणार यासाठी विकणारे आटापिटा करतात.

टीका करणारे म्हणतात की या पद्धतीने भाव फुगवले. मला हे पटत नाही. भाव फुगले असतील तर ते खऱ्या खरेदीदाराने खऱ्या पैशाने फुगवले, आणि 2008 नंतर ते उतरले तेव्हा तेही सगळ्यांना उघड दिसलं.

राखीव किमतीच्या लिलावात चित्र इतकं स्वच्छ नसतं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत लागू असलेल्या व्यापारी संहितेप्रमाणे, वेगळं जाहीर केलं नसेल तर कोणताही लिलाव राखीव किमतीसहच धरला जातो आणि हातोडा पडेपर्यंत वस्तू मागे घेता येते. विकणाऱ्याच्या वतीने कुणी बोली लावत असेल आणि तशी सूचना दिली नसेल, तर खरेदीदार सौदा मोडू शकतो किंवा शेवटच्या खऱ्या बोलीच्या रकमेला वस्तू मागू शकतो. सूचना दिली असेल तर मात्र वाट मोकळी आहे. नियमांच्या बारीक छपाईत ती दिलेली असते. मग राखीव रकमेपर्यंत पोहोचायला लिलावकर्ता मंडपाच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून हवेतल्या बोली पकडू शकतो. रस असलेला माणूस एकच असला तरी समोर झुंज चालली आहे असं वाटतं.

तोवर मंचावर विकणाऱ्याला आयोजकाची माणसं घेरतात. कमिशनमध्ये सूट देऊ करतात, राखीव रक्कम खाली आणायला सांगतात. तो तयार झाला की ‘रिझर्व्ह इज ऑफ’ अशी घोषणा होते आणि इतका वेळ गप्प बसलेले हात वर येतात. नाही झाला तर गाडी ‘द बिड गोज ऑन’ या शब्दांनी खाली उतरते. शेवटची बोली निकालात राहते आणि तिथून ती ‘भाव’ म्हणून लोकांच्या तोंडी जाते. ती बोली कुणाची होती, किंवा कुणाची तरी होती का, हे निकालपत्रकावरून कळायला मार्ग नाही. 48 लाखांच्या बोलीमागे खरा खरेदीदार असेलही. तरीही त्या आकड्याला विक्रीच्या यादीत जागा देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

झालेल्या विक्रीतही दोन आकडे असतातच. ती हिरवी मस्टँग जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला राखीव किमतीशिवाय मंचावर आली. सुरुवात 3,500 डॉलरने झाली आणि हातोडा 34 लाखांवर पडला. खरेदीदाराचा दहा टक्के अधिभार धरून रक्कम 37.4 लाख झाली. काही बातम्यांत पहिला आकडा आला, काहींत दुसरा. दोन वर्षांचे भाव ताडून पाहणाऱ्याने दोन्हीकडे एकच मोजमाप लावलंय का, हे आधी तपासावं.

बोली कुठे थांबते हे कागदांवरही ठरतं. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे गाडीसोबत जन्मलेलं इंजिन असं खरेदीदार धरून चालतो. विकणारा मात्र कधी त्याच वर्षाचं, योग्य ओतीव क्रमांकाचं (ओतकामाच्या वेळी धातूत उमटलेल्या क्रमांकाचं) इंजिन एवढ्याच अर्थाने तो शब्द वापरतो. इंजिनच्या ब्लॉकचा पृष्ठभाग घासून नवे आकडे ठोकण्याचे प्रकार झालेले आहेत. फोर्डच्या 1967 पासूनच्या उत्पादन नोंदी मिळतात आणि पॉन्टियाकच्याही. शेवरलेच्या अमेरिकेतल्या गाड्यांसाठी तसा आधार नाही. क्रायसलरच्या बाबतीत सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा गालिच्याखाली सापडणाऱ्या कारखान्याच्या बिल्ड शीटवर, म्हणजे गाडीत काय बसवायचं याच्या कागदावर, भिस्त असते. 2008 नंतरच्या घसरणीत साध्या गाडीला हेमीचं रूप दिलेल्या नकलांचा भाव आधी कोसळला, तो याच कारणाने.

गेल्या दहा वर्षांत बरीच खरेदी-विक्री ऑनलाइन लिलावांकडे गेली. तिथे शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. त्यामुळे अखेरच्या सेकंदाला झडप घालण्यात अर्थ उरत नाही. प्रत्येक बोलीपुढे टोपणनाव आणि वेळ दिसते. खाली जाणकार मंडळी वेल्डिंगच्या खुणांपासून क्रमांकांच्या ठशापर्यंत सगळ्यावर प्रश्न विचारतात. हवेतली बोली इथे लपवणं अवघड आहे. राखीव किंमत मात्र इथेही आहे. ती गाठली नाही तर ‘इतक्यापर्यंत बोली’ असं पानावर कायमचं राहतं. पुढे विकणारा आणि सर्वात वरचा बोलीदार आपसात बोलून सौदा करतात आणि तो आकडा कधी बाहेर येतो, कधी येत नाही.

स्कॉट्सडेलच्या त्या जानेवारीत चोपन्न वर्षांचे असलेले खरेदीदार आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांचे संग्रह एकामागून एक विक्रीला येत आहेत. आधुनिक इंजिन आणि ब्रेक बसवलेल्या रेस्टोमॉड गाड्या मधल्या थरातल्या मूळ गाड्यांपेक्षा अनेकदा जास्त भाव घेऊन जातात. 1987 मध्ये 547 बनलेल्या ब्यूइक जीएनएक्ससाठी बोली लावणाऱ्यांत तर हेमी कधी शोरूममध्ये न पाहिलेले चाळिशी-पन्नाशीतले लोक पुष्कळ असतात.