प्रतिस्पर्ध्याची खबर : वागळे इस्टेटपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत

१ ऑगस्ट १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पुढे दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा ठाणे-बेलापूर पट्टा भरत गेला. शेजारचा कारखाना किती माल काढतो, याचा शोध तेव्हा फारसा घ्यावा लागत नसे. १९५१च्या उद्योग (विकास आणि नियमन) कायद्याखालच्या परवान्यात क्षमता नमूद असे. मालाचीच टंचाई असल्याने ती माहिती परवान्याच्या फायलींबरोबर वरच्या दोन-तीन साहेबांकडे राहिली तरी कुणाचं अडत नव्हतं.

२४ जुलै १९९१च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांची परवान्याची अट गेली आणि खबर फिरतीवरच्या सेल्सच्या माणसाकडे आली. त्याच्या रोजच्या भेटींच्या अहवालात ‘कॉम्पिटिशन’ असा रकाना आला. पण अहवाल तपासला जाई तो मुख्यतः प्रवासभत्त्यासाठी, त्यामुळे रकाना भरला तरी खबर पुढे सरकत नसे. आमच्या मते आजच्या अडचणीचं मूळ इथेच आहे : माहिती गोळा होते, ती कुठून आणि कधी आली हे मात्र तिच्यासोबत जात नाही.

कागदोपत्री माहिती मिळवणं तर सोपंच होत गेलं. २००६मध्ये एमसीए-२१ ही कंपन्यांच्या कागदपत्रांची सरकारी ऑनलाइन व्यवस्था सुरू होण्याआधी दुसऱ्या कंपनीचा ताळेबंद पाहायला मरीन ड्राइव्हच्या ‘एव्हरेस्ट’मधलं कंपनी निबंधकांचं कार्यालय गाठावं लागे, आता ठराविक शुल्क भरून तो जागेवर दिसतो. ताळेबंदापेक्षाही बोलका कागद म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. त्यात उत्पादनांची नावं आणि प्रत्येकाची कमाल मात्रा असते. उभारणीची संमती आधी निघते, माल नंतर बाजारात येतो. म्हणून विस्ताराची चाहूल इथे लवकर लागते. एक चूक मात्र सर्रास होते : संमतीतली मात्रा हेच प्रत्यक्ष उत्पादन धरलं जातं. ती फक्त वरची मर्यादा असते.

कायद्याच्या दोन रेघा या काळात आखल्या गेल्या. स्पर्धा कायदा २००२चा असला, तरी त्याचं संगनमताला मनाई करणारं कलम ३ लागू झालं २० मे २००९ला. प्रतिस्पर्ध्याचा दर ग्राहकाने सांगितला तर ती बाजाराची माहिती. तोच दर उद्योजकांच्या संघटनेच्या बैठकीत चहा पिताना प्रतिस्पर्ध्याच्याच मॅनेजरने सांगितला, तर संगनमताचा संशय ओढवतो. दुसरी रेघ २०२२ची. सीमाशुल्क कायद्यात कलम १३५एए आलं. आयात-निर्यातदाराने कस्टम्सला दिलेला मूल्य, मात्रा वगैरे तपशील कायद्याची मुभा नसताना प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. न्हावाशेवाच्या कंटेनरांचे आयातदारवार आकडे कुणी विकायला आणले, तर आधी कंपनीच्या वकिलाला विचारावं.

आता सेल्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडणारा नेहमीचा मेसेज घ्या : “ते २१०ने देतायत.” म्हणजे प्रतिस्पर्धी किलोला २१० रुपये दराने माल देतोय. हा दर १८ टक्के जीएसटी धरून असेल तर मूळ दर साधारण १७८ रुपये. कर वेगळा, पण ९० दिवसांची उधारी असेल, तर वर्षाला १२ टक्के व्याजाने किलोमागे सुमारे ६ रुपये त्यातच गेले. माल महाप्याच्या गेटवर की ग्राहकाच्या गोदामात पोहोच, हे वेगळंच. एवढं न विचारता आपला दर खाली आणला जातो. त्यातच हीच खबर दोन डीलरांकडून आली की ती पक्की समजतात; मुळात दोघांनी ती एकाच ट्रान्सपोर्टवाल्याकडून ऐकलेली असते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने यावर उपाय काढला होता : सांगणाऱ्याच्या भरवशाला एक अक्षर, आणि खबरीच्या खरेपणाला एक आकडा, दोन्ही वेगवेगळे. कंपनीत तीन-तीन पायऱ्याही पुरतात. नोंदीत तारीख, सांगणारा कोण (ग्राहक, डीलर, कागद), त्याचे मूळ शब्द आणि आपला अंदाज वेगळ्या रकान्यात. दराची नोंद महिन्याभराने शिळी धरावी, क्षमतेची वर्षाने. हे सांभाळायला माणूस एकच हवा, आणि त्याने आठवड्याच्या आत सेल्सच्या माणसाला कळवावं की त्याच्या खबरीचं काय झालं. दोन-तीनदा उत्तर आलं नाही की तो खबर पाठवणंच सोडून देतो.