मरीन प्लाय कुजत नाही?

होडीचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन बसतं ती मागची उभी भिंत, कुजला की हमखास सल्ला मिळतो: "मरीन प्लाय घाला, पुन्हा बघायला नको." हे खरं नाही.

मरीन प्लायची खासियत पाण्यात न सुटणारा डिंक आणि आत पोकळ्या नसलेले थर ही असते. थर सुटत नाहीत, पण लाकूड शेवटी लाकूडच. काही देशांच्या मानकांत बुरशीरोधक प्रक्रियाही येते, तरी तिच्या भरवशावर राहू नये. ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. म्हणजे खरा प्रश्न पाणी आत शिरतं कुठून, हा आहे.

ते शिरतं बोल्ट, स्क्रू आणि निचऱ्याच्या भोकांतून. म्हणून भोक आधी मोठं पाडा, दाट केलेल्या इपॉक्सीनं (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं चिकट रेझिन) भरा आणि मग त्यातून योग्य मापाचं भोक पाडा. प्लायच्या कडा तर इपॉक्सीनं नक्की बंद करा. पाणी सर्वांत वेगानं तिथूनच शोषलं जातं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असलं, तरी लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही.

लाकूडच नको असेल तर जास्त घनतेचा पॉलियुरेथेन फोम बोर्ड चालतो. साधा, हलका फोम मात्र बोल्टच्या दाबाखाली चेपतो.